सतरा नंबर

आमच्या घरी चकलीचा पहिला घाणा निघाला की तो देवापुढे जाण्याआधी माझ्यापुढे येतो. यात माझी थोरवी काही नाही, निव्वळ थट्टा आहे. सौभाग्यवती ताटली पुढे करतात आणि विचारतात, "बघा हो, पास की नापास?" मीही सवयीने चकली उजेडाकडे धरतो, वेढे मोजतो, काटे पाहतो, कुठे तडा गेला आहे का ते न्याहाळतो. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढून ज्याने तीस-बत्तीस वर्षे पोट भरले, त्याची ही खोड पेन्शनीत निघाल्याने सुटत नाही. गेल्या दिवाळीत मी असाच एक तुकडा मोडून म्हणालो, "नरम आहे. तळणीत कमी पडली." आतून उत्तर आले, "तळण बरोबर आहे. भाजणीचा डबा रात्रभर उघडा टाकलात तुम्ही. भाजणी सादळली. ते नाही दिसलं तुम्हाला चकलीत!"

सादळणे! किती साधा, घरगुती शब्द. पण तो ऐकला आणि माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला. हाच शब्द मी चाळीस वर्षांपूर्वी, अशाच दिवाळीच्या तोंडावर, एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. आणि तेव्हाही डबा उघडा ठेवण्यात माझा वाटा होता.

साल १९८३. कोकणच्या किनाऱ्यावर एक मोठा रासायनिक कारखाना उभा राहत होता. त्याच्या नावाशी आपल्याला कर्तव्य नाही. मी सव्वीस वर्षांचा होतो. पदवी ताजी, लग्न त्याहून ताजे आणि नोकरी प्रोबेशनवर. हुद्दा मोठा भारदस्त होता, 'गुणवत्ता तपासणी अभियंता'. साइटवर मात्र मला सगळे 'चित्रगुप्त' म्हणत. समोर 'साहेब', पाठीमागे 'चित्रगुप्त'. वही माझ्या काखेत सदैव असे, त्यामुळे नावाला हरकत घ्यायलाही जागा नव्हती.

कारखाना म्हटला की लोकांच्या डोळ्यांसमोर धुराडी आणि टाक्या येतात. खरा कारखाना असतो नळांचा. मैलोगणती नळ एकमेकांना जोडीत न्यायचे, उंच मचाणांवरून, जमिनीखालून, यंत्रांच्या पोटातून. दोन नळांची तोंडे समोरासमोर आणून वेल्डर त्यांच्यामधल्या फटीत रॉड वितळवून भरतो. वरून पाहावे तर जोड गुळगुळीत, माशाच्या खवल्यांसारखा सुबक दिसतो. आत काय आहे ते वरून कळत नाही. आत राख अडकलेली असेल, मुळाशी धातू पोचलाच नसेल, नाहीतर वायूचे बुडबुडे थिजून बारीक बारीक भोके राहिली असतील. ते पाहण्यासाठी आमच्या हाती फोटो होता.

फोटो म्हणजे क्ष-किरणांच्या जातीचा. १८९५ सालच्या डिसेंबरात राँटगेनने आपल्या बायकोच्या हाताचे चित्र घेतले, त्यात हाडे आणि बोटातली अंगठी दिसली, हे आपण शाळेत वाचलेले असते. आमच्याकडे बायकोच्या हाताऐवजी पोलादी नळ असे आणि यंत्राऐवजी इरिडियमचा एक कण, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. तो तुर्भ्याच्या अणुकेंद्रातून जाडजूड जड पेटीत बसून येई. त्या पेटीला सगळे 'कॅमेरा' म्हणत, जरी तिला भिंग नव्हते. ७४ दिवसांत त्या कणाचा जोर निम्म्यावर येतो. म्हणून कण जुना झाला की एकेका फोटोला वेळ जास्त लागे आणि आमच्या रात्री लांबत. हे काम रात्रीच करायचे, माणसे पांगल्यावर. सभोवार दोरी बांधायची, लाल दिवे लावायचे, नळाभोवती फिल्म गुंडाळायची, तिच्यावर शिशाचे आकडे ठेवायचे आणि लांब जाऊन उभे राहायचे. मग पत्र्याच्या खोलीत बर्फ टाकून गार केलेल्या औषधात फिल्म धुवायची. पहाटे तारेवर चिमट्यांनी अडकवलेल्या त्या काळ्या फिल्मा पाहिल्या की कुणा भुताच्या घरचे धुणे वाळत घातल्यासारखे वाटे.

शिशाच्या आकड्यांत एक आकडा वेल्डरचा असे. प्रत्येक वेल्डरला नंबर दिलेला. तो त्याने आपल्या जोडाशेजारी नळावर ठोकायचा, म्हणजे पाप कोणाचे ते कायमचे नमूद. मी माणसांना त्या नंबरांनीच ओळखीत असे. "नऊला बोलाव." "तेवीसचे दोन कापा." आज लिहितानाही त्यांतल्या बहुतेकांचे चेहरे आठवतात, आकडे आठवतात. नावे आठवायचा प्रश्नच नाही, ती मी कधी विचारलीच नव्हती.

भांडणाचे मूळ हिशेबात होते. वेल्डरला मजुरी इंचावर मिळे. सहा इंची नळाचा एक जोड पुरा केला म्हणजे सहा इंच झाले. जोड नापास झाला की तो घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा, आणि या दुसऱ्या भरण्याचा पैसा नाही. वर आमच्या ठेकेदाराने आणखी एक शक्कल काढली होती. फिल्मचा आणि घासणाऱ्याच्या मजुरीचा खर्चही तो वेल्डरच्याच हिशेबातून कापी. शिवाय नियम असा की दहा जोडांतून एकाचा फोटो. पण तो नापास झाला तर त्याच वेल्डरचे आणखी दोन पाहायचे. तेही बिघडले तर त्याचे सगळेच. म्हणजे माझ्या एका लाल पेन्सिलीच्या खुणेने एखाद्याचा पंधरवडा बुडे. त्याला मी चित्रगुप्त वाटलो तर नवल काय?

आता आमचीही बाजू सांगायला हवी. माणसे काही सगळी हरिश्चंद्राच्या घराण्यातली नव्हती. एकदा ठेकेदाराच्या लोकांनी एकाच उत्तम जोडाचे वेगवेगळे नंबर घालून तीन फोटो काढून आणले. तिन्ही फिल्मांवर एकच शिंतोडा एकाच जागी होता म्हणून ते सापडले. चहापाण्याची पाकिटे पुढे होत, न घेतल्यास मचाणावरून चुकून पाना पडे. माझे थोरले साहेब या सगळ्याला मुरलेले होते. त्यांच्या टेबलाच्या काचेखाली वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' नावाचा नॉर्वेचा तरंगता तळ कलंडला, त्याची ती बातमी. तेलविहिरीवरचे कामगार त्यावर राहत असत. २१२ माणसांपैकी १२३ गेली. चौकशीत निघाले ते असे : त्याच्या एका आडव्या नळीवर पाण्यातले आवाज ऐकण्याचे एक उपकरण बसवायचे होते. त्यासाठी एक लहानशी बैठक वेल्ड केली होती. जोड केवळ ६ मिलिमीटरचा, भार वगैरे काही न पेलणारा, म्हणून कुणी त्याकडे फारसे पाहिले नाही. तिथून चीर निघाली, ती वाढत गेली, नळी तुटली आणि तळाचा एक पायच निखळला. तळ बांधून पुरती चार वर्षेही झाली नव्हती.

"पाण्याचा दाब देऊन पाहिला की आज सगळं टिकतं," साहेब म्हणत. "भीती आजची नसते. चौथ्या वर्षाची असते, पंधराव्या वर्षाची असते. तेव्हा तू इथे नसशील, ठेकेदार नसेल. नळाशेजारी कुणीतरी डबा उघडून जेवत बसलेला असेल." हे मला पटे. अजूनही पटते.

सतरा नंबर हा आमच्या साइटवरचा सर्वांत चांगला हात. कऱ्हाडकडचा, चाळिशी ओलांडलेला, बुटका, बोलायला कमी. मुंबईच्या गोदीत काम शिकलेला. त्याचा जोड पाहताना मी पारखी असल्याचे विसरून नुसताच पाहत राही. गोपद्माची रांगोळी काढणाऱ्या बाईच्या बोटांतून रेघ पडावी तसा धातू त्याच्या हातून पडे. अवघड जागा, जिथे डोके आत जात नाही आणि आरशात पाहून काम करावे लागते, तिथे त्यालाच पाठवीत. पावसाळाभर त्याचा एक जोड नापास झाला नव्हता.

ऑक्टोबरात समुद्राकडच्या रांगेचे काम निघाले. दिवस चढला की तिथे वारा सुटे, म्हणून सतरा नंबर सकाळी सहालाच कामाला लागे. आणि त्या रांगेतला त्याचा पहिलाच फोटो भोकांनी भरलेला आला. जणू कुणी मोहऱ्या उधळल्या. नियमाप्रमाणे आणखी दोन पाहिले, तेही तसेच. मग सगळे काढले. अकरा जोड नापास. मी लाल पेन्सिल चालवली. फोरमनने त्याचा नंबर काढून घेतला, हिशेबात कपात लावली आणि त्याला घासणाऱ्याच्या हाताखाली दिले.

मध्ये एक गोष्ट घडली होती, ती येथेच सांगतो. आठवड्यापूर्वी मी फेरीवर असताना सतरा नंबरला रॉड लोखंडाला मुद्दाम चिकटवून धरताना पाहिले. असे केले की रॉड नुसताच तापतो, पुष्कळ अंशी खराबही होतो. नियमाला ते सोडून आहे. मी तिथल्या तिथे त्याला चार माणसांत झापले. तो काही बोलला नाही. रॉड फेकून दुसरा घेतला. इतका चांगला कारागीर असे का करतो, हा प्रश्न माझ्या डोक्यात यायला हवा होता. तो आला नाही. डोक्यात नियमच इतका गच्च भरला होता की प्रश्नाला जागा नव्हती.

वसुबारसेच्या संध्याकाळी मी फिल्मच्या खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी रजा टाकून पुण्यास सासुरवाडीला निघायचे, दिवाळसण पहिला, सासऱ्यांचे पत्र आलेले. बाहेर पावले वाजली. दार उघडले तो साठ-सत्तर माणसे. वेल्डर, फिटर, खलाशी, पोरसवदा हेल्पर. कुणी ओरडत नव्हते आणि त्याचीच मला भीती वाटली.

पुढे मामा होते. मामा म्हणजे घासण्याचे काम करणारे एक पोक्त गृहस्थ. सगळी साइट त्यांना मामा म्हणे. मुंबईच्या गिरणीत त्यांनी चोवीस वर्षे साचे चालवले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख माणसे बाहेर पडली, त्यांतले हे एक. वर्ष उलटले तरी भोंगा वाजेना, तेव्हा पोटासाठी इथे लोखंड घासायला आले होते.

"साहेब," मामा म्हणाले, "गिरणीतही कापड तपासायला माणूस असायचा. खोट निघाली की साचेवाल्याचा पगार कापायचा. पण सूतच कच्चं आलं असेल तर आम्ही बॉबिन नेऊन जॉबरपुढं आपटायचो. तुमच्या इथं सूत कोण तपासतो?"

मी नियमाची भाषा बोलू लागलो. जोड नापास आहे, फोटो खोटे बोलत नाही, वगैरे. मामा म्हणाले, "कायद्यात, छत्तीस सालापासून, माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय नुकसानीची कपात करता येत नाही. याचं म्हणणं कुणी ऐकलं?" आणि त्यांनी सतरा नंबरला खांद्याला धरून पुढे केले.

तो चपला काढून उंबऱ्याशी आला. का काढल्या देव जाणे, त्या खोलीत देव नव्हता. पेटलेल्या काचेवर त्याच्याच जोडाची फिल्म होती. तिच्याकडे त्याने बराच वेळ पाहिले. मला वाटते, आपल्या कामाचे पोट तो प्रथमच पाहत होता. मग म्हणाला, "भोकं हायेत. मी न्हाई म्हनत न्हाई. पन साहेब, रॉड सादाळला हुता का कोरडा हुता, ते दिसतं का तुमच्या फोटूत?"

मी गप्प राहिलो.

"सकाळचे रॉड गार आसत्यात. फुटाण्यावानी तडतडत्यात. मुकादमाला सांगितलं, त्यो म्हनला, वढ तसंच. म्हनून चिकटवून तापवत हुतो. तवा तुमी माजी काढलीत."

हे रॉड भाजून घ्यावे लागतात. त्यांच्यावरचा लेप हवेतली ओल ओढतो आणि ती ओल वितळत्या धातूत शिरली की भोके पडतात. म्हणून आधी ते कडक भट्टीत भाजायचे आणि मग वापरीपर्यंत गरमच ठेवायचे. भट्टीजवळ एक वही असते. दर दोन तासांनी तापमान लिहायचे आणि दिवसाच्या शेवटी तपासणी अभियंत्याने खाली सही करायची.

त्या रात्री बाराच्या सुमारास मी बॅटरी घेऊन एकटाच भांडाराच्या शेडात गेलो. भट्टीच्या दारावर हात ठेवला. ती मडक्यासारखी गार होती. रात्री अकराला जनरेटर बंद करीत आणि पहाटे पाचला चालू करीत, डिझेल वाचे. वहीत मात्र रात्रीच्या एकला, तीनला, पाचला बिनचूक तापमान लिहिलेले होते. एकाच हातचे, एकाच शाईचे, बहुधा एकाच बैठकीतले. पानापानाखाली माझी सही होती, वळणदार, लफ्फेदार. सही सुंदर यावी म्हणून कॉलेजात मी पानेच्या पाने गिरवली होती.

नापास झालेले अकराही जोड सकाळी सहा ते आठमधले होते. दुपारी, भट्टी चांगली तापल्यावर, त्याच माणसाने त्याच रांगेत केलेले दोन जोड फोटोत निर्मळ होते. हे सारे माझ्याच वहीत होते. फक्त मी ते एकापुढे एक ठेवून पाहिले नव्हते.

मी तडक जाऊन सगळे लिहून दिले असे सांगता आले असते तर बरे झाले असते. तसे झाले नाही. धनत्रयोदशीचा सबंध दिवस मी काहीच केले नाही. थोरल्या साहेबांना तोंडी सांगितले तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "जोड तर कापावेच लागतील. ओल कुणाचीही असो, भोक ते भोक. राहिला प्रश्न वहीचा. लिहिलंस तर पहिली मान तुझी जाईल. प्रोबेशनवर आहेस. विचार कर." मी विचार केला. पुण्याला तार केली की कामामुळे अडकलो आहे. खोलीवर पडून पत्र्याकडे पाहत राहिलो. त्याच दिवशी ठेकेदाराने दिवाळीचा हिशेब वाटला, कपातीसह.

नरकचतुर्दशीला पहाटे, अभ्यंगस्नानाऐवजी, मी कागद पुढे ओढला. भट्टी रात्री बंद असते, नोंदी खोट्या आहेत, त्यांखाली न पाहता सह्या केल्या त्या माझ्या आहेत, आणि अकरा जोडांचा दोष वेल्डरचा नाही. चार वाक्यांना दोन तास लागले. कागद देऊन मी कामगारांच्या झोपड्यांकडे गेलो. मामा चुलीवर पाणी तापवीत होते. म्हणाले, "सतरा गेला की हो. पहिल्या एस.टी.नं. काल रात्रीच वळकटी बांधली त्यानं."

पुढचे थोडक्यात सांगतो. भट्टीला स्वतंत्र जनरेटर आला. कपात बंद झाली आणि जे साइटवर हजर होते त्यांचे पैसे परत मिळाले. गेलेल्याचे कोण देतो? अकरा जोड कापले, नवे भरले, ते दुसऱ्यांनी भरले आणि त्यांना इंचाचा पूर्ण भाव मिळाला. माझे प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढले. पुण्याला मी भाऊबीजेच्या रात्री पोचलो. सासूबाईंनी जावयासाठी राखून ठेवलेले अनरसे तोवर मेहुण्यांनी संपवले होते, हे मला अजून दर वर्षी ऐकवले जाते.

जानेवारीत मामांकडून सतरा नंबरचा गावचा पत्ता मिळवला आणि त्याच्या कपातीइतके पैसे मी मनिऑर्डरीने पाठवले. कुपनावर लिहिले, 'कपातीची रक्कम परत'. कोणी परत केली ते लिहिले नाही. तीन आठवड्यांनी मनिऑर्डर तशीच परत आली, 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन. पाठोपाठ एक पोस्टकार्ड. अक्षर त्याच्या जोडासारखेच, एकसारख्या वेलांट्यांचे.

"साहेब, मामानं कळवलं, पैसे तुमचे आहेत. कपात तुम्ही केली नव्हती. ज्यानं केली त्यानं द्यावी, मी घेईन. मी सध्या साखर कारखान्यावर आहे, काम बरं आहे. भट्टी आता रात्री गरम असते का?"

खाली सही. नाव, बापाचे नाव, आडनाव, सगळे पुरते. मी ते दोनदा वाचले. उत्तर लिहायला बसलो तो मायन्यापाशीच अडलो. चार महिने ज्याला 'ए सतरा' म्हणून हाक मारली, त्याला पत्रात काय म्हणायचे? लेखणी बराच वेळ तशीच धरून बसलो. मग वडिलांच्या पत्रांत असे तसे 'रा. रा.' लिहिले, पुढे त्याचे सबंध नाव घातले, 'यांस सा. न. वि. वि.' आणि खालच्या ओळीत लिहिले, असते. काल रात्री एकला हात लावून पाहिली.